‘गाण्यासाठी बेल्ट, डीजेसाठी डायरेक्ट’: एका फिरत्या मेसेजचा समाचार

एलपी ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. नवख्या माणसाने ‘कुठलं टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) घेऊ?’ असं विचारायचा अवकाश, कुणीतरी तो तत्परतेने चिकटवतंच. गोषवारा असा: गाणं ऐकायचं असेल तर बेल्ट ड्राइव्हच घ्या (यात मोटर रबरी पट्ट्याने प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची थाळी, फिरवते). डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट प्लॅटरखाली) डीजेंसाठी असतो, त्यात मोटरची थरथर थेट सुईत जाते आणि वेग राखणारं क्वार्ट्झ सर्किट वेग सारखा मागेपुढे ओढत राहतं. बेल्टला असली भानगड नाही. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) सरळ घ्या, एस आकाराचा जुनाट. परवडलं तर १२ इंची घ्या, तो केव्हाही सरस. आणि सुईचा भार जमेल तितका कमी ठेवा, रेकॉर्ड टिकतात.

यातलं बरंचसं अर्धसत्य आहे, म्हणूनच ते खोडायला कटकट पडते.

‘मोटर थेट प्लॅटरखाली, म्हणून घरघर जास्त’

ही भीती आली कुठून? १९५०च्या दशकातल्या नावाजलेल्या यंत्रांत, उदाहरणार्थ इंग्लंडच्या गॅरार्ड ३०१मध्ये, मोटर आणि प्लॅटर यांच्यामध्ये एक रबरी चाक असे. त्याला आयडलर म्हणतात. मोटर मिनिटाला १५००च्या आसपास फिरणारी, म्हणजे सेकंदाला २५ फेरे. तिची थरथरही साधारण २५ हर्ट्झची, आणि ती चाकातून प्लॅटरवर, प्लॅटरवरून सुईत. मोठ्या स्पीकरवर ती ऐकू येते. १९६१ साली एडगर विल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने अमेरिकेत पट्ट्यावर चालणारं साधं टर्नटेबल आणलं. त्याच वाटेने पुढे थोरेन्सचं टीडी १५० आणि ग्लासगोचं लिन सोंडेक एलपी १२ आलं. रबरी पट्टा थरथर गिळतो, त्यामुळे ही यंत्रं शांत. बेल्टने नाव कमावलं ते असं, आणि रास्त कमावलं. फक्त हरवलं होतं आयडलरला. बेल्टने नाव कमावायला सुरुवात केली तेव्हा डायरेक्ट ड्राइव्ह बाजारात नव्हताच.

डायरेक्ट ड्राइव्हची मोटर प्लॅटरच्याच वेगाने फिरते, मिनिटाला ३३⅓. सेकंदाला अर्ध्या फेऱ्याहून थोडं जास्त. मूळ थरथर अर्ध्या हर्ट्झच्या आसपासची, कानाच्या टप्प्याच्या कितीतरी खाली. पट्ट्यामागची मोटर मात्र प्लॅटरच्या कित्येक पट वेगाने पळत असते. टेक्निक्सने एसएल-१२०० एमके२ या डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रासाठी रंबलचा, म्हणजे घरघरीचा, आकडा उणे ७८ डेसिबल दिला होता (जितका खाली तितकं शांत). असा आकडा छापायची हिंमत बेल्टवाल्या कितीतरी कंपन्या आजही करत नाहीत.

‘डायरेक्ट ड्राइव्ह डीजेंसाठी केलाय’

पहिलं व्यावसायिक डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल टेक्निक्स एसपी-१०. टेक्निक्सची मूळ कंपनी मात्सुशिता, तिथले इंजिनिअर शुइची ओबाता यांचं काम, साल १९७०. त्याला आर्मसुद्धा नव्हता. आपल्या पसंतीचा आर्म बसवायचा, असं रेडिओ केंद्रांच्या आणि स्टुडिओंच्या कामाचं यंत्र. एसएल-१२०० आलं १९७२ मध्ये, तेही घरी गाणी ऐकणाऱ्यांसाठी. स्क्रॅचिंगचा (रेकॉर्ड हाताने मागेपुढे करून आवाज काढण्याचा) शोध त्यानंतरचा. न्यूयॉर्कच्या डीजे पोरांना ते यंत्र आवडलं याचं कारण ते चटकन वेग पकडतं आणि हाताने अडवलं तरी कुरकुरत नाही. हा दोष कधीपासून झाला?

आणि एक गंमत. न्यूमनच्या व्हीएमएस-८० या कटिंग लेथवर, म्हणजे ज्या यंत्रावर मास्टर (छाप्यांची मूळ तबकडी) कापला जातो त्याच यंत्रावर, टेक्निक्सची एसपी-०२ ही डायरेक्ट ड्राइव्ह मोटर बसवलेली असे. तिथे कापलेल्या एलपी बेल्टवर ‘शुद्ध’ ऐकणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

‘क्वार्ट्झ वेग मागेपुढे ओढतं’

यात तथ्य आहे. सर्व्हो (वेग सतत दुरुस्त करणारं सर्किट) वाईट असेल तर वेग खरंच चाचपडतो. मोटरमधल्या लोखंडी गाभ्यामुळे चुंबकांचे बारीक झटके बसतात, हेही खरं. टेक्निक्सने २०१६ मध्ये एसएल-१२००जी काढताना मोटरमधला लोखंडी गाभाच काढून टाकला तो त्यासाठीच. पण त्रास किती? जुन्या एमके२ चा वॉव-फ्लटर, म्हणजे वेगातला डोल, ०.०२५ टक्के. आता हा आकडा तुमच्या रेकॉर्डच्या भोकाशी ताडून बघा.

भोक मध्यापासून ०.२ मिलिमीटर सरकलेलं असेल, तर मध्यापासून ६० मिलिमीटरवर, म्हणजे शेवटच्या गाण्यापाशी, सूर ०.३३ टक्के वर आणि तितकाच खाली जातो. मोटरच्या दोषाच्या तेरापट. सरक अर्धा मिलिमीटर असेल, तर वर-खाली मिळून सुमारे १.६७ टक्के. प्रमाणश्रुतीचं (आपल्या संगीतातल्या एका बारीक स्वरांतराचं) अंतर ८१/८०, म्हणजे १.२५ टक्के. थोडक्यात, दर फेऱ्याला सूर एका श्रुतीपेक्षा जास्त डोलतो, आणि तो कुठल्याही ड्राइव्हवर डोलणारच. आपल्याकडच्या जुन्या छाप्यांत असं भोक अजिबात दुर्मिळ नाही. तपासायचं तर प्लॅटर फिरत असताना आर्मकडे समोरून बघा: हेडशेल (आर्मचं सुईकडचं टोक) दर फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलत असेल, तर दोष भोकाचा आहे. मग तानपुरा आणि पेटीचा धरलेला सूर कान देऊन ऐका. बेल्ट-डायरेक्टच्या वादात रात्री जागवणारे ही झुलती हेडशेल बघतसुद्धा नाहीत, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

‘बेल्टला असली भानगड नाही’

आहे, आणि ती आपल्याकडे जास्त आहे. अनेक बेल्ट टर्नटेबलांत एसी सिंक्रोनस मोटर असते. तिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो. अमेरिकेत ६०, आपल्याकडे ५०. न्यू जर्सीच्या काकांनी मोठ्या प्रेमाने दिलेलं जुनं यंत्र आपण स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून सुरू करतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. प्लॅटर ३३⅓ ऐवजी २७.८ ने फिरतो आणि काळी चारची गायिका पांढरी चारमध्ये गाऊ लागते. यावर ५० हर्ट्झची पुली (मोटरवरचं पट्ट्याचं चाक) किंवा वेगळा मोटर-सप्लाय लागतो. यंत्राच्या मागची पट्टी वाचा: नुसतं ६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर सावध. क्वार्ट्झवाल्या डायरेक्ट ड्राइव्हला विजेच्या हर्ट्झशी घेणंदेणं नसतं, व्होल्टेज तेवढं जुळवायचं. शिवाय कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत न वापरता पडून राहिलेला पट्टा सैल तरी होतो, नाहीतर चिकट.

‘आर्म सरळ हवा, १२ इंची हवा’

ड्राइव्हवर पानभर लिहिणारा हा मेसेज आर्मला दोन फटक्यांत उरकतो. माझं भांडण खरं इथे आहे. ऐकण्यातला फरक बहुतेक वेळा आर्म, कार्ट्रिज (सुई बसवलेला सुटा भाग) आणि त्यांच्या बसवणीतून येतो.

आकाराचं आधी. खोबणीशी कोन जुळावा म्हणून नेहमीच्या ९ इंची आर्ममध्ये कार्ट्रिज २२ ते २४ अंशांनी आत वळवावं लागतं. ते वळण नळीला द्या (झाला एस किंवा जे आकार) किंवा हेडशेललाच द्या (झाला सरळ आर्म). भूमिती तीच. सरळ नळी हलकी आणि कडक करणं सोपं. रेगाने १९८३ मध्ये एकसंध ओतीव आरबी३०० काढून ते दाखवलं. एस आकारात सुटी हेडशेल मिळते, कार्ट्रिज पटकन बदलता येतं. ज्यात वळण कुठेच नाही असे खरोखर सरळ आर्म काही डीजे यंत्रांवर असतात आणि कोनाच्या बाबतीत तेच सगळ्यात वाईट. मेसेजवाल्यांना हे ठाऊक असावं असं वाटत नाही.

आता लांबी. नेहमीच्या बेअरवाल्ड जुळणीने (आर्म बसवायच्या भूमितीची एक रीत) हिशोब केला, तर २३० मिलिमीटरच्या (९ इंची) आर्ममध्ये रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला कोन सुमारे १.९ अंश चुकतो, ३०५ मिलिमीटरच्या (१२ इंची) आर्ममध्ये १.४. आतल्या टोकाला, जिथे विकृती सगळ्यात जास्त टोचते, तिथे ०.८ विरुद्ध ०.६. फायदा आहे, नाकारत नाही. पण ओव्हरहँग (सुई प्लॅटरच्या मध्याच्या जितकी पुढे जाते ते अंतर) १ मिलिमीटर चुकवलात तर त्याच आतल्या टोकाला जवळजवळ १ अंशाचा फटका बसतो. लाखभराचा १२ इंची आर्म डोळ्याच्या अंदाजाने बसवणाऱ्यापेक्षा साधा ९ इंची आर्म प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायची पट्टी) लावून बसवणारा चांगलं ऐकतो.

लांब आर्म जडही होतो, आणि जडपणाचा संबंध कार्ट्रिजशी. आर्मचं प्रभावी वस्तुमान (सुईला जाणवतो तो जडपणा), कार्ट्रिज आणि स्क्रू यांचे ग्रॅम एकत्र करा, त्याला कार्ट्रिजच्या कंप्लायन्सने (सुई किती लवचीक त्याच्या आकड्याने) गुणा, वर्गमूळ काढा आणि त्याने १५९ ला भागा. उत्तर, म्हणजे आर्म आणि कार्ट्रिज मिळून ज्या वेगाने आपोआप डोलतात तो, ८ ते १२ हर्ट्झमध्ये यावं. खाली गेलं तर रेकॉर्डच्या वाकड्या लाटांवर आर्म हिंदकळतो, फार वर गेलं तर संगीतात घुसतो. ऑर्टोफॉन २एम रेड हे कार्ट्रिज ७.२ ग्रॅमचं, कंप्लायन्स २०. एसएल-१२०० एमके२ चा आर्म १२ ग्रॅम. स्क्रूसकट २० धरा: उत्तर ८ हर्ट्झ, काठावर पास. तेच कार्ट्रिज २५ ग्रॅमच्या लांब आर्मवर लावा: सव्वासहाच्या आत. नापास. उलट डेनॉन डीएल-१०३ सारखं ताठ कार्ट्रिज जड आर्मवरच खुलतं. एक खाच ध्यानात असू द्या: जपानी कंपन्या कंप्लायन्स बहुधा १०० हर्ट्झला मोजून छापतात, इथल्या हिशोबाला तो आकडा दीड-दोनपट धरावा लागतो.

‘भार जितका कमी तितकं बरं’

सिरॅमिक कार्ट्रिजच्या सूटकेस प्लेअरांना हा सल्ला लागू होता, तिथे भार कित्येक ग्रॅम असे. वर सुई उडते म्हणून हेडशेलवर नाणं ठेवणारी घरंही होती. आजच्या कार्ट्रिजला मर्यादा ठरवून दिलेल्या असतात. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई ला १.८ ते २.२ ग्रॅम. १.४ वर ठेवलंत तर जोरकस तानेला सुई खोबणीची भिंत सोडते आणि परत आपटते. खरवडण्याचा ‘स्स’ ऐकू येतो तो तिथेच, आणि रेकॉर्डची कायमची हानी होते तीही तिथेच. दिलेल्या मर्यादेच्या मधोमध किंवा किंचित वर भार ठेवा, तोही काउंटरवेटवरच्या (आर्ममागच्या वजनावरच्या) आकड्यांवर विसंबून न राहता डिजिटल काट्यावर मोजून.