यू मंगळवारी कशावरून?

क्लासनं घेतलेल्या लॉ प्रवेशाच्या सीईटीच्या मॉकमधलं पझल आहे. पी, क्यू, आर, एस, टी, यू अशा सहा जणांच्या सुनावण्या, सोमवार ते शनिवार, रोज एक. आर बुधवारी. टी शनिवारी. पी आरच्या आधी कधीतरी. क्यूच्या लगेच दुसऱ्या दिवशी एस. संपल्या अटी. स्क्रीन वरखाली करून करून बोट दुखलं, पाचवी अट नाही म्हणजे नाही.

आता मांडा बघू. बुधवार, शनिवार भरले. क्यू-एस जोडीनं हवेत, म्हणजे सोम-मंगळ नाहीतर गुरु-शुक्र. पण पीला आरच्या आधी जागा हवी, तेव्हा सोम-मंगळ जोडीला देता येत नाहीत. जोडी गेली गुरु-शुक्रला. उरले पी आणि यू, उरले सोमवार आणि मंगळवार. कोण कुठं? कोणीही कुठंही! दोन्ही मांडण्या चारही अटींत चोख बसतात. मग 'मंगळवारी कोणाची सुनावणी?' याचं उत्तर 'ठरवता येत नाही'. चौथा ऑप्शन तोच होता, मी तोच टिक केला. आणि आन्सर की म्हणते, यू.

कशावरून यू? कुठल्या अटीवरून?

आणि एवढ्यावर भागत नाही. 'आरच्या लगेच आधी कोण?' तेच. 'यू आणि क्यूच्या मध्ये किती सुनावण्या?' यू मंगळवारी असेल तर एक, सोमवारी असेल तर दोन, म्हणजे पुन्हा तेच. तिन्ही उत्तरं माझी बरोबर, तिन्ही चूक धरलेली. वर प्रत्येकी पाव गुण कापलेला! सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, नॅशनल लॉ कॉलेजांच्या क्लॅटला आहे. पण हे क्लासवाले सीईटीच्या मॉकमध्येही कापतात, म्हणे शिस्त लागते. शिस्त आम्हाला लावायची आणि यांनी अट टाकायला विसरायचं.

क्लासच्या सरांना मांडणीचा फोटो काढून पाठवला. उत्तर आलं, "अगं, पीचं नाव आधी दिलंय ना, मग पी आधी धरायचा. एवढं डोकं लावायचं नाही. बाकी कुणाची तक्रार नाही." डोकंच सटकलं माझं. वकील व्हायला निघालेल्या पोरांना सांगताय की कागदावर नाही ते धरून चाला? आणि बाकीचे गप्प बसले म्हणून आन्सर की बरोबर?

आमच्या सामाईक सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते एकदा येऊन बघा. निम्मे मुंबईकर, काहींचे वारस कुठं आहेत तेही माहीत नाही. वाटपाच्या दाव्यात एक चुलत आत्या प्रतिवादी करायची राहिली, तर सगळं तिथंच अडकलं. कोर्ट म्हणालं नाही की वर ज्याचं नाव आहे त्याला देऊन टाका! राहिलेलं नाव आणा, मग बोला. बाबा त्यासाठी अजून तारखांना जातात. मी लॉ करायचं म्हणते ते उगाच नाही.

आणि नोट्सबद्दल तर बोलायलाच नको. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, ४२० चं कलम ३१८ झालं, यांच्या पीडीएफमध्ये अजून ४२०. फी मात्र दर वर्षी नवीन. लाइव्ह लेक्चर नेमकं संध्याकाळी, गुहागरात पाऊस लागला की लाईट जाते त्याच वेळेला, आणि रेकॉर्डिंग मागितलं तर 'वरच्या पॅकेजमध्ये आहे'. मेल्यांनो, आमच्याकडून घेता ते पैसे काय सुपाऱ्या आहेत?

पण खरी चीड का येते सांगते. अख्ख्या पेपरात हा एकच भाग आमचा आहे. इंग्रजीत कॉन्व्हेंटवाले पुढं जाणार. जनरल नॉलेजला पुण्या-मुंबईत अभ्यासिका आहेत, दिवसभर चर्चा करणारे मित्र आहेत. पझलला काही लागत नाही. लागतं ते सगळं प्रश्नातच दिलेलं असतं. गुहागरजवळच्या शृंगारतळीची पोरगी आणि पुण्याच्या डेक्कनचा पोरगा, दोघांसमोर त्याच अटी, तोच कोरा कागद. सहा घरं आखायची, पक्क्या जागा भरायच्या, जोडी कुठं मावते ते बघायचं, आणि शेवटचं नाव आपसूक जागेवर जाऊन बसतं. मला फार आवडतं ते. त्यातच तुम्ही अंदाज घुसडलात तर मग उरलं काय?

अमेरिकेत लॉच्या प्रवेशाच्या परीक्षेला, एलसॅटला, हाच प्रकार कित्येक वर्षं होता, लॉजिक गेम्स म्हणायचे. आकृती काढल्याशिवाय सुटत नाही म्हणून अंध परीक्षार्थी कोर्टात गेला, २०१९ मध्ये तडजोड झाली, आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभागच काढून टाकला. एका परीक्षार्थीचं म्हणणं रास्त निघालं म्हणून एवढी मोठी परीक्षा बदलली! तुम्हाला एका मॉकची आन्सर की बदलता येत नाही? खऱ्या सीईटीत निदान आक्षेप तरी नोंदवता येतो, पैसे भरून का होईना. तुमच्याकडे काय, तर थम्ब्सअप टाकून क्लासचा ग्रुप 'ओन्ली अ‍ॅडमिन' केला.

'यू सोमवारी नाही' एवढी एक ओळ टाकायची होती. टाकली नाहीत ना? मग ते तीन प्रश्न रद्द करा आणि सगळ्यांना गुण द्या. यू लिहिणाऱ्यांनाही द्या, मला कुणाचं काढून घ्यायचं नाही. पण कापलेल्या पाव-पावासकट माझे पावणेचार गुण मला परत पाहिजेत, आणि आन्सर की सुधारेपर्यंत तो मांडणीचा फोटो मी रोज पाठवणार आहे.