माझंच दार मला दाखवायला पैसे मागतात!

ज्या कोणाच्या डोक्यातून घरात लावायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये जाहिरात घालायची कल्पना निघाली, त्याला मला एकदा गणपतीत कुडाळला न्यायचंय. रात्री साडेअकराला, धो धो पावसात, पडवीच्या त्या एकाच कोपऱ्यात उभं करायचंय जिथे मोबाईलला कशीबशी एक दांडी रेंज येते. हातात फोन, फोनवर मेसेज: 'हॉलमध्ये व्यक्ती आढळली.' घर डोंबिवलीला, बंद, साडेचारशेहून जास्त किलोमीटर लांब. आणि मग ठेवू दे त्याला त्या मेसेजवर बोट. बघू दे समोर काय येतं ते.

कर्ज देणाऱ्या ॲपची जाहिरात येते! आवाजासकट, पूर्ण स्क्रीनभर. बंद करायची फुली आधी दिसतच नाही, आणि दिसते तेव्हा एवढीशी, राखाडी, की बोट बाजूला पडतं आणि प्ले स्टोअर उघडतं. मागे या. परत ॲप उघडा. परत जाहिरात, या वेळी दुसरी. घरात माणूस शिरलाय असं सांगणारे हेच, आणि तो कोण हे बघायच्या आधी मला कर्ज घ्यायला सांगणारेही हेच. लाज कशी वाटत नाही?

जाहिरात संपली तर 'पुन्हा लॉगिन करा'. अहो, दुपारीच उघडलं होतं! तेव्हा छान सोफा दिसत होता, टीव्हीचा लाल दिवा दिसत होता. पासवर्ड टाकला. मग ओटीपी. ओटीपीची मुदत साठ सेकंद, आणि आमच्या वाडीत मेसेज पोचायला दोन-तीन मिनिटं लागतात. येतो तेव्हा तो बाद झालेला असतो. आतून सासूबाई विचारतायत, "काय झाला गो? कोणाचो फोन?" नवरा दुसऱ्या सिमवरून धडपडतोय. एकदाचे आत शिरलो, लाइव्ह दाबलं, चक्र फिरत राहिलं, आणि मग दोन शब्द: 'डिव्हाइस ऑफलाइन.'

आधी माणूस दिसला आणि मग कॅमेरा बंद पडला. याचा अर्थ तुम्ही काय लावाल? मी तोच लावला. अंगाला कापरं भरलं होतं माझ्या.

बरं, जी 'व्यक्ती' टिपलीत ती तरी दाखवा. आहे ना तुमच्याकडे? आहेच. यादीत स्वच्छ नोंद आहे: 11:26, व्यक्ती, दहा सेकंद. शेजारी चिमुकलं चित्र, मुद्दाम धूसर केलेलं, वर कुलुपाची खूण, आणि खाली 'स्पष्ट पाहण्यासाठी प्रीमियम घ्या.' कॅमेरा माझ्या पैशांचा. भिंत माझी, वीज माझी, वायफायचं बिल दर महिन्याला मी भरते. आणि माझ्या दाराशी कोण उभं आहे हे त्यांच्या सर्व्हरला माहीत आणि मला नाही! बाई घाबरलेली आहे, लांब आहे, आत्ता मागू तेवढे देईल, हे ओळखून नेमक्या त्या क्षणी पुढे केलेला हात आहे तो. ही सरळ सरळ खंडणी आहे.

दिले पैसे. न देऊन काय करणार होते? यूपीआयने क्षणात गेले, बँकेचा मेसेज ओटीपीपेक्षा लवकर आला. ॲप म्हणे, 'पेमेंट प्रक्रियेत आहे.' ती प्रक्रिया पहाटेपर्यंत चालली.

मग कॅमेरे नव्हते तेव्हा लोक जे करायचे तेच केलं. समोरच्या काकूंना फोन लावला. सत्तरी उलटलेली बाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, झोपेतून उठून, अंधारात बॅटरी घेऊन आमच्या दाराशी गेली. तेव्हा कळलं की अख्ख्या इमारतीतले लाइट गेलेत. मी इकडून ओरडतेय, "काकू, आत जाऊ नका, आधी वॉचमनला हाक मारा," आणि त्या मला धीर देतायत, "अगं, कुलूप आहे ना जागेवर. मी बघते, तू घाबरू नको." आत खरंच कोणी असतं तर? काकूंना काही झालं असतं तर कोण उत्तर देणार होतं, ती प्रीमियमवाली कंपनी? चार दिवस झाले, हा राग माझ्या डोक्यातून जात नाहीये.

सकाळी लाइट आले, कॅमेरा सुरू झाला, प्रीमियमही आलं. बघितले ते दहा सेकंद. वीज चमकली, खिडकीतून उजेड आत आला आणि दाराशेजारच्या खुंटीवरचा रेनकोट टोपीसकट क्षणभर पांढराफटक झाला. ही ती व्यक्ती! पुढच्या मिनिटाला लाइट गेले म्हणून कॅमेरा बंद. खोक्यावर 'एआय मानव ओळख' असं ठसठशीत छापलंय. पावसाळ्यात रेनकोट खुंटीवर नाही टांगायचा तर कुठे टांगायचा?

आणि हे आजचं नाही. असल्या बहुतेक कॅमेऱ्यांना अंगाची ऊब ओळखणारा सेन्सर नसतोच. एका चित्रापासून पुढच्या चित्रात काय बदललं एवढंच ते बघतात, म्हणून उजेड हलला तरी हालचाल आणि पंख्याने कॅलेंडर फडफडलं तरी हालचाल. आमच्याकडे एक पाल आहे, ती रात्री नेमकी कॅमेऱ्यापाशी येऊन बसते. इन्फ्रारेडच्या उजेडात तिचं पोट स्क्रीनभर पांढरं दिसतं, बोटांच्या गाद्या एकेक मोजता येतात, गळ्याखालची कातडी धडधडताना दिसते. तिच्यासाठी रात्रभर मेसेज येतात. मेसेज फार येतात म्हणून संवेदनशीलता 'कमी' केली, तर मे महिन्यात कामाच्या मावशी काकूंकडून किल्ली घेऊन आत गेल्या, झाडांना पाणी घातलं, हॉल झाडून काढला, आणि फोनवर एक अक्षर नाही. म्हणजे पाल दिसते, रेनकोट दिसतो, आणि साडी नेसलेली, हातात झाडू घेतलेली बाई दिसत नाही.

लाइट जाण्याचं तर बोलायलाच नको. पावसाळ्यात लाइट जातात हे या देशात कॅमेरा विकणाऱ्याला माहीत नाही का? राउटर विजेवर, कॅमेरा विजेवर, घरात इन्व्हर्टर असला तरी त्याचं कनेक्शन दोन पंख्यांना आणि दोन ट्यूबना. राउटरसाठी लाइट गेल्यावर बॅटरीवर चालणारा 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, कॅमेऱ्याच्या 5 व्होल्टसाठी वेगळी सोय करावी लागते, हे घेताना एकाने सांगितलं नाही. घेऊन झाल्यावर, तक्रार घेऊन गेल्यावर, तोच दुकानदार म्हणतो, "मॅडम, ते तर घ्यावंच लागतं." मग आधी का नाही बोललात? आणि आमच्या इमारतीचे मीटर आहेत तळमजल्यावर, जिन्याखाली, उघड्या पेटीत. चोराला माझा कॅमेरा आंधळा करायचा असेल तर एक खटका खाली करायचा. एवढं करूनही भागलं नाही तर कॅमेराच उचलून न्यायचा, कारण रेकॉर्डिंगचं मेमरी कार्ड त्याच्याच पोटात आहे.

त्या कार्डाचीही मला थाप मारली. "चौसष्ट जीबी टाका मॅडम, महिनाभराचं रेकॉर्डिंग राहतं." करा की हिशोब! चित्रणाला सेकंदाला दोन मेगाबिट, म्हणजे पाव मेगाबाइट, धरले तरी दिवसाला साडेएकवीस जीबी होतात. म्हणजे सलग रेकॉर्डिंग लावलं तर चौसष्ट जीबी तीन दिवसांत भरतं, आणि मग जुनं पुसून त्याच्यावर नवं. गणपती आणायला निघालेला माणूस गौरी-विसर्जन करून परत येईपर्यंत पहिल्या दिवशीचं काहीही शिल्लक नसतं. महिनाभर म्हणे!

सोसायटीचे कॅमेरे आहेत, असं आमचे सेक्रेटरी सांगतात. आहेत. गेटवरच्याच्या काचेवर कोळ्याचं जाळं आहे, रात्री त्याच्यात फक्त जाळंच चमकतं. रेकॉर्डर वॉचमनच्या केबिनमध्ये पंचांगाखाली ठेवलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाची सायकल गेली तेव्हा उघडून बघितलं तर हार्ड डिस्क कधीचीच मेलेली. स्क्रीनवर चित्र दिसत होतं म्हणून सगळे निर्धास्त होते. मेंटेनन्समध्ये मात्र 'सीसीटीव्ही देखभाल' ही ओळ दर तिमाहीला येते. विचारलं तर "सभेत मांडा".

आणि पाळत ठेवायची म्हणून जे घरात आणून बसवलं, ते आणखी कोण बघतंय? 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असले कॅमेरे आणि रेकॉर्डर कंपनीच्या मूळ पासवर्डवरून ढिगाने ताब्यात घेतले होते. तेव्हापासून जग ओरडतंय, पासवर्ड बदला. फेब्रुवारी 2024 मध्ये वाइझ या अमेरिकी कंपनीच्या कॅमेऱ्यांची सेवा बंद पडून पुन्हा सुरू झाली, तेव्हा तेरा हजारांच्या आसपास लोकांना दुसऱ्यांच्याच घरातली चित्रं दिसली. कंपनीने स्वतः कबूल केलं. आणि लांब कशाला जायचं? 2025 च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं बायकांच्या तपासणीचं चित्रण इंटरनेटवर विकायला आलेलं सापडलं. पकडलेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. ते वाचून मी बेडरूमच्या दाराकडे वळलेला कॅमेरा त्याच दिवशी फिरवला. 9 एप्रिल 2025 पासून सरकारने भारतात विकायच्या कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या, चांगलंच केलं. पण जे लाखो आधीच भिंतींवर ठोकलेले आहेत त्यांचं काय? त्यांना कोण तपासणार?

मला सगळ्यात जास्त चीड येते ती "कॅमेरा आहे ना, मग कसली काळजी?" या वाक्याची. दीर म्हणतात, ऑफिसात म्हणतात, दुकानदार तर म्हणतोच. अहो, काळजी कॅमेऱ्यानंतर लागली! पूर्वी दागिने लॉकरमध्ये टाकायचे, गॅस बंद करायचा, दूध-पेपर बंद करायचा, किल्ली काकूंना द्यायची, कुलूप दोनदा ओढून बघायचं आणि निघायचं. त्या मुंबई-गोवा हायवेचं काम 2011 पासून चालू आहे, तेव्हा पोचेपर्यंत कंबर मोडायची, पण एकदा ओटीवर पाय ठेवला की डोंबिवली डोक्यातून गेलेली असायची. आता मोदक वळताना फोन वाजतो. फुगड्यांच्या मधे फोन वाजतो. गौरी घरात येताना सगळ्या जणी पावलांवर हळदकुंकू घालत होत्या आणि मी पडवीच्या कोपऱ्यात रेंज शोधत होते. सासूबाईंनी भर माणसांत म्हटलं, "आदी तो फोन ठेव, गो." त्यांचं काय चुकलं? वर्षातून एकदा आम्ही जातो. त्यांना सुनेचं तोंड बघायचं असतं, आणि सुनेचं तोंड फोनात.

आता शेवटचं, आणि हे परत आल्यावर कळलेलं. ठरवलं, हे ॲप काढायचं, कॅमेरा दुसऱ्या पद्धतीने लावायचा, जाहिराती नसलेला आणि रेकॉर्डिंग घरातच ठेवणारा. त्यासाठी कॅमेरा आधीच्या खात्यातून काढावा लागतो. काढायला गेले तर ॲप सांगतं, 'हा अधिकार फक्त मालकाला आहे.' मग मी कोण? मी म्हणे 'शेअर केलेली सदस्य'! बसवायला आलेल्या पोराने घाईत स्वतःच्या नंबरवर खातं उघडलं, मला त्यात जोडलं आणि निघून गेला. एवढे दिवस माझ्या हॉलचा मालक तो. आम्ही घरी केव्हा, बाहेर केव्हा, किल्ली कोणाकडे, सगळं त्याला हवं तेव्हा दिसत होतं. त्याने बघितलं की नाही मला माहीत नाही, आणि मला ते कळण्याचा कुठलाही मार्ग या ॲपने ठेवलेला नाही. त्याचा फोन आता बंद आहे. दुकानदार म्हणतो, "तो पोरगा सोडून गेला मॅडम."

कॅमेऱ्याची पिन काढून ठेवलीय. कस्टमर केअरला लिहिलं, तर उत्तर आलं की मूळ खातेदाराने त्याच्या फोनवरून परवानगी द्यावी. माझ्या घराचा मूळ खातेदार! पुन्हा लिहिलंय. या वेळी बिलाचा फोटो, खोक्यावरच्या सीरियल नंबरचा फोटो, त्या रात्रीच्या यूपीआयची पावती जोडलीय, आणि ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक सगळ्यात वर टाकलाय. दुकानदारालाही त्याची प्रत दिली. घेताना हात आखडत होता, मी सही घेतल्याशिवाय दुकानातून हलले नाही.