स्वप्न विचारू नका, नकाशा दाखवा

आला बघा परत पालिकेचा मेसेज! 'आपल्या स्वप्नातील शहर घडवू या, लिंकवर क्लिक करा, सहभागी व्हा.' म्हटलं बघू तरी काय विचारतायत. पहिला प्रश्न, आपले शहर कसे असावे? पर्याय: स्वच्छ, सुंदर, हरित, वरील सर्व. आता कुठला शहाणा 'घाणेरडं असावं' म्हणणार आहे? पुढे, २०४७ मध्ये शहराची ओळख काय असावी ते एका ओळीत लिहा. अहो, २०४७ राहू द्या बाजूला, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर खणून ठेवलेला आमचा रस्ता कधी बुजवताय ते बोला. त्याला पर्यायच नाही. ओटीपी मात्र दोनदा मागतात.

सर्व्हे करा हो, हवे तेवढे करा. डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीनं. जिथे आमचं ऐकून घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे, तिथे यांना आम्ही नको असतो. नगररचना कायदा १९६६ चा आहे. विकास आराखडा म्हणजे शहरात कुठल्या जागेवर काय येणार याचा नकाशा. त्याचा मसुदा लोकांपुढे ठेवायचा, हरकती-सूचना मागवायच्या, सुनावणी घ्यायची, सगळं त्यात लिहिलेलं आहे. आणि प्रत्यक्षात? नोटीस टेंडरांच्या जाहिरातींच्या गर्दीत, बारीक टायपात. मुदत तीस दिवस. नकाशा पालिकेच्या बोळात ट्यूबलाइट नसलेल्या भिंतीवर. सर्व्हे नंबर वाचायला भिंग लागतं. वेबसाइटवरची फाइल उघडावी तर फोन हँग.

तरी बसले शोधत. आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर जुन्या आराखड्यात क्रीडांगणाचं आरक्षण होतं. नव्यात तिथे पिवळा रंग. पिवळा म्हणजे रहिवास. म्हणजे उद्या तिथे टॉवर, आणि पोरं खेळणार पार्किंगमध्ये, वॉचमनच्या शिव्या खात. का बदललं, कुणाच्या सांगण्यावरून बदललं, एका ओळीचा खुलासा नाही.

हरकत दिली, पोच घेतली. सुनावणीचं पत्र आलं, कामाच्या दिवशी सकाळी अकराचं. रजा टाकून गेले तर नंबर लागला जेवणाच्या सुट्टीनंतर, आणि तोही एकटीचा नाही, एका विषयाचे सगळे एकदम आत. शेजारच्या काकू गुडघे धरत जिना चढून आलेल्या. त्यांनी तोंड उघडलं तर टेबलापलीकडून, "ताई, लेखी दिलंय ना? मग झालं की." अहो, लेखीच पुरणार होतं तर बोलावलं कशाला? सह्या घेतल्या आणि "पुढचे या". नंतर विचारायला गेले तर एकच उत्तर, 'सूचना नोंदवून घेतली आहे.' मान्य केली का फेटाळली? नोंदवून घेतली आहे!

लग्न ठरवताना मुलीला कुणी विचारलं नाही, आता मांडवाला झालर कुठल्या रंगाची लावू म्हणून तिचा सल्ला घेतायत, तसला प्रकार आहे हा.

वर हेच साहेब भाषणात सांगणार, लोकांना शहराचं काही पडलेलं नाही. पडलेलं नाही? मुंबईचा मसुदा २०१५ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा ६५ हजारांच्या घरात हरकती-सूचना पडल्या. चुका इतक्या की एप्रिलमध्ये तो गुंडाळून नव्याने करायला सांगावं लागलं. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर ८७ हजारांच्या आसपास. हे सगळे रिकामटेकडे होते का? लोक येतात हो, ढिगाने येतात. पुण्यात पुढे २०१५ मध्ये सरकारने तो आराखडाच पालिकेकडून काढून घेतला आणि मंजुरी निघाली २०१७ मध्ये. म्हणजे इथे हरकती घेणारा एक आणि शेवटचा शब्द भलत्याचाच.

घटनेतसुद्धा सोय आहे म्हणे. चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १९९२ ची, तीन लाख किंवा जास्त वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या. आपल्या राज्याच्या कायद्यात २००९ मध्ये क्षेत्रसभाही आली, गावात ग्रामसभा तशी शहरात मतदारांची सभा. कधी बोलावलंय तुम्हाला एखादीला? मला तरी नाही. सभा सोडाच, २०२२ नंतर तीन वर्षांहून जास्त काळ कित्येक महापालिकांत निवडून आलेला नगरसेवकच नव्हता, सगळा कारभार प्रशासकाच्या सहीवर. आणि हे म्हणे लोकसहभाग.

एवढं करून आराखडा मंजूर झाला तरी निवांत बसायची सोय नाही. त्याच नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल चालूच असतात. पुन्हा कोपऱ्यातली नोटीस, पुन्हा महिनाभराची मुदत, आणि कुणाचं लक्ष नसताना एखादी शाळेची किंवा बागेची जागा उडते. उडते ती नेमकी रस्त्याकडेची, भाव आलेली. योगायोग!

सोसायटीच्या ग्रुपवर तो सर्व्हे हात जोडल्याच्या इमोजीसकट फिरतोय, 'सर्वांनी भरा, आपल्या शहराचा नंबर आला पाहिजे.' मी भरणार नाही. आधी त्या क्रीडांगणाच्या हरकतीवर काय ठरलं, कुणी ठरवलं आणि का, ते सहीशिक्क्यानिशी लेखी द्या. आवक क्रमांकासकट पोच आहे माझ्याकडे.