रेस नसलेली सायकल

जुन्या इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी गेली आणि पुण्यात बसलेल्या चिरंजीवांनी रत्नागिरीतल्या दुकानात परस्पर पैसे भरून माझ्यासाठी नवी ठरवून टाकली. हिला रेस नाही. मूठ कितीही पिळा, ढिम्म. पायडल मारलंत तरच मोटर लागते. "बाबा, तेवढाच व्यायाम." गुडघे माझे, हौस त्याची.

काल पावसला निघालो. भाट्ये पुलावरून झोकात गेलो. झरी विनायकाच्या पुढे चढावर समोरून चिऱ्यांचा ट्रक आला म्हणून थांबलो, आणि तिथंच घात झाला. जुनीची मूठ पिळली की ती निघायची. हिच्या पायडलापाशी चुंबकांची चकती आहे. ती फिरल्याचं सेन्सरला कळणार, मग तो वर कळवणार, मग मोटर लागणार. तलाठ्याकडून तहसीलदाराकडे फाईल जावी तसं. तोवर बॅटरी-मोटरीसकट सगळं धूड आपल्या पायांवर. मी जोर लावायचो आणि सायकल मागे यायची.

कठड्यावर एक आजोबा एसटीची वाट बघत बसले होते. पांढरी टोपी, पिशवीतून डोकावणारी अळवाची पानं, आणि वेळच वेळ.

"बंद पडली?"

"नाही हो, चालू आहे."

"मग चालत का नाही?"

"पाय मारावे लागतात."

"आणि बॅटरी कशाला?"

"ती मदत करते."

"कोणाला?"

मी पुन्हा जोर लावला. पुन्हा वीतभर मागे.

"म्हणजे बिनमोटारीची घेतली असतीत, तरी पायच मारले असतेत ना?"

"हो, पण हिला जोर कमी लागतो."

"ते दिसतंच आहे." त्यांनी माझ्या भिजलेल्या शर्टाकडे पाहिलं. "केवढ्याला पडली?"

आकडा ऐकून त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "आमचा नातू साध्या सायकलनं ह्याच चढावरनं शाळेत जातो. त्याला सांगतो, बाबा रे, पैसे वाचवलेस."

एसटी आली तेव्हा मी तिथंच होतो. आजोबा चढता चढता कंडक्टरला काहीतरी बोलले, आणि माझ्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांतून माणसं डोकावली. कंडक्टरनं घंटीसुद्धा सावकाश मारली.

आज दुकान गाठलं. मालक म्हणे, युरोपात अशाच चालतात. असतील. तिथं कायदाच आहे: २५० वॉट, ताशी २५ किलोमीटरला मदत बंद, आणि नुसत्या रेसवर पळणारी गाडी सायकल धरत नाहीत. हॉलंडात चढ म्हणून पूलच तेवढे! आपल्याकडे २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असली की रेस असूनही लायसन नको, नंबरप्लेट नको. सरकारनं ठेवलेलं सुख घरच्यांनी काढून घेतलं.

"रेस बसवून द्या," म्हटलं.

"देतो, पण वॉरंटी जाईल."

कार्ड उलटंपालटं केलं. खाऱ्या हवेनं धरलेला गंज वॉरंटीत बसत नाही. पाणी शिरलेलं बसत नाही. हे ज्या शटरखाली उभं राहून वाचलं, त्या शटरला गंजाची भोकं पडली होती.

"मग रत्नागिरीत ह्या वॉरंटीत बसतं तरी काय?"

"पुण्याला नेलीत तर सगळं बसतं, काका."