२७५ मोठे की ४००? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्या वाचनात थोडा राग आला. दुसऱ्या वाचनात कळलं की तुमचा एक मुद्दा सरळसरळ बरोबर आहे आणि चूक माझी आहे. बाकी तिन्हींवर मात्र भांडायची तयारी ठेवून बसलोय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मेन्सच्या (घरच्या २३० व्होल्ट पुरवठ्याच्या) दोन तारांमध्ये बसवलेला कपॅसिटर, म्हणजे बोलीतला कंडेन्सर, बदलताना 'एक्स२' (थेट मेन्सवर बसवायच्या कपॅसिटरचा सुरक्षा-वर्ग) छापलेला, २७५ व्होल्ट एसीचाच घ्या. त्यावर तुम्ही लिहिलंत, "४०० व्होल्टचा कंडेन्सर ५ रुपयांत मिळतो, तो सोडून २७५ चा महाग का घ्यायचा? आकडा मोठा तो दणकट, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. ३० वर्षं लाइनमध्ये आहे, स्क्रू ड्रायव्हर लावून कंडेन्सर शॉर्ट करतो, काही झालं नाही. पंख्याला २.५ च्या जागी ४ टाकला की वारा सुटतो. आणि पंखा हळू झाला म्हणजे कंडेन्सरच गेला, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

आधी ४०० चं बघू. ते ४०० डीसीचे आहेत आणि २७५ एसीचे. आपल्या घरातले २३० व्होल्ट शिखराला ३२५ पर्यंत जातात. त्याच हिशेबाने २७५ एसी म्हणजे शिखराला ३८९. म्हणजे आकड्यांत दोघं जवळपास बरोबरीत आहेत, तुमचा ४०० वाला मोठा वगैरे काही नाही. डेटाशीट उघडलीत तर ४०० डीसीच्या साध्या फिल्म कपॅसिटरला एसीसाठी बहुतेक वेळा २०० ते २५० व्होल्टच दिलेले दिसतात. एसीत दर सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते, फिल्मच्या थरांमधल्या बारीक हवेच्या पोकळ्यांत ठिणगी पडत राहते आणि धातूचा मुलामा हळूहळू खाल्ला जातो. डीसीत हा प्रकार जवळपास नसतो.

पण खरा फरक परीक्षेचा आहे. एक्स२ च्या परीक्षेत आधी २,५०० व्होल्टचे झटके देतात. मग वरच्या तापमानात सव्वापट व्होल्टेजवर १,००० तास ठेवतात, आणि त्या काळात दर तासाला ०.१ सेकंद १,००० व्होल्ट लावतात. वरचं खोकं पेट धरणार नाही अशा प्लास्टिकचं असावं लागतं. तुमच्या ५ रुपयांच्या कपॅसिटरला यातलं काहीही कुणी विचारलेलं नसतं.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. आमच्या घरच्या मिक्सरमधला ०.१ मायक्रोफॅरडचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) कपॅसिटर फुगला होता. मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांनी टीव्ही-रेडिओत खरखर येऊ नये म्हणून तो असतो, नसला तरी मिक्सर फिरतो. मी खणातला '१०४के, ४००व्ही' ('१०४' म्हणजे तोच ०.१ मायक्रोफॅरड) लावून मोकळा झालो. वर्षभराने आई खोबऱ्याची चटणी वाटत असताना खालून काळा धूर. गंमत म्हणजे मिक्सर फिरतच होता आणि एमसीबीही (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडली नाही. पडेल कशी? कपॅसिटर पूर्ण शॉर्ट झाला असता तर पडली असती. अर्धवट मेलेला कपॅसिटर समजा १ अँपिअर ओढत असेल, तर नखाएवढ्या डबीत २३० वॅटची शेगडी पेटली असं समजा. एमसीबीच्या लेखी तो एक साधा भार आहे. म्हणून विकत घेताना मी आता एकच विचारतो: हा मरेल तेव्हा काय होईल?

याच प्रश्नाचा पुढचा भाग वाय कपॅसिटरचा, जो लाइन आणि अर्थ यांच्यामध्ये बसतो. तो शॉर्ट झाला तर धातूची बॉडी थेट लाइनला लागते. म्हणून वायच्या जागी एक्स कधीही नाही, आणि किंमतही वाढवायची नाही. ४.७ नॅनोफॅरडमधून (वर '४७२' छापलेलं असतं) साधारण ०.३४ मिलिअँपिअर गळते. अर्थ नसलेल्या सॉकेटवर बॉडीला हात लावला की ज्या मुंग्या येतात त्या बहुधा त्याच. तिथे '१०४' टाकलात तर गळती ७ मिलिअँपिअरच्या वर जाते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) त्यावर पडायची नाही, माणूस मात्र हात झटकेल.

आता स्क्रू ड्रायव्हर. तुम्हाला ३० वर्षांत काही झालं नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण पंख्याचा कपॅसिटर बहुतेक वेळा आधीच रिकामा असतो. स्टार्टिंग आणि रनिंग वाइंडिंगमधून त्याचा फेरा बंदच असतो, स्विच बंद केला की तो त्यातूनच उतरतो. म्हणजे वर्षानुवर्षं तुम्ही मेलेल्या सापाला काठी मारताय! (वाइंडिंग तुटलेलं असेल तर साप जिवंत असतो, हे वेगळं.) भरलेला असला तरी २.५ मायक्रोफॅरडमध्ये ३२५ व्होल्टला ऊर्जा किती, तर ०.१३ ज्यूल. एसएमपीएसमधल्या (कॉम्प्युटर वगैरेंच्या पॉवर सप्लायमधल्या) २२० मायक्रोफॅरडच्या डब्यात तेवढ्याच व्होल्टला ती ८८ पट असते, साडेअकरा ज्यूलच्या आसपास. तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक वितळतं, ट्रॅक उडतो आणि ठिणगीने दचकून हात भलतीकडे लागतो. ४.७ किलोओहम, ५ वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर आणि दोन इन्सुलेटेड तारा घ्या. ५ सेकंद धरा, मग मीटरने बघा. टेस्ट लॅम्पही चालतो, पण त्याचं फिलामेंट तुटलेलं असेल तर काहीच होत नाही आणि आपल्याला वाटतं चार्जच नव्हता.

४ मायक्रोफॅरडने वारा सुटतो, तोही तुमचा भास नाही. पण तुम्ही काढलेला जुना कधी मोजलात का? तो २.५ चा १.६ वर आलेला असतो. स्वतःच्या जखमा स्वतः भरताना हा कपॅसिटर दर वेळी थोडा धातूचा मुलामा गमावतो. त्याच्या जागी नवा २.५ टाकलात तरी वारा सुटेल. ४ टाकल्यावर वेग किंचित वाढतो, पण स्टार्टिंग वाइंडिंगमधून जादा करंट जातो, पंखा तापतो आणि उन्हाळ्यात वाइंडिंगवरचं वार्निश करपतं. काही पंख्यांना मुळातच ३.१५ लागतो, तेव्हा जुन्यावर छापलंय तेच घ्या. व्होल्टेज ४४० एसीच असू द्या, कारण वाइंडिंगशी जोडी जमली की कपॅसिटरवर २३० पेक्षा बरंच जास्त येतं. पंपाच्या पॅनेलमध्येही असाच गोंधळ होतो. तिथला मोठा स्टार्ट कपॅसिटर क्षणभरासाठीच असतो, रनच्या जागी लावला की फुटतो.

आणि शेवटचा मुद्दा. पंखा हळू म्हणजे कंडेन्सर गेला, हे मी बेधडक लिहिलं होतं. चुकलं. आधी स्विच बंद करून पाती हाताने फिरवावीत, लगेच थांबली तर बेअरिंग जड झालंय. ५ वर नीट फिरतो पण २-३ वर रडतो, तर दोष बहुधा रेग्युलेटरमधल्या कपॅसिटरचा, कारण ५ वर पुरवठा थेट असतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

तुम्ही जाता जाता विचारलंय की एलईडी बल्बमधल्या '१०५जे, ४००व्ही'च्या जागी एक्स२ बसेल का. ५० हर्ट्झला १ मायक्रोफॅरडमधून साधारण ७२ मिलिअँपिअर मिळतो, त्या मापावरच तो बल्ब बेतलेला असतो. गणिताने बसेल. पण एक्स२ ची डबी बल्बच्या टोपीत मावत नाही, मी कानस लावूनही बघितलंय. शिवाय असा सलग सिरीजमध्ये राबवला की साधा एक्स२ देखील हळूहळू झिजतो. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एक्स२ विचारत फिरण्यापेक्षा नवा बल्ब स्वस्त पडेल. जुन्यातली एलईडीची चकती मात्र काढून ठेवा, एखादी एलईडी उडाली की कामाला येते.