'नाटकाचा सेट' म्हणणाऱ्या वाचकास

दुर्गवेडा,

"हा किल्ला नाहीच, कैसरने उभारलेला नाटकाचा सेट आहे आणि तुम्ही तिकीट काढून टाळ्या पिटून आलात." फ्रान्सच्या अल्सास प्रांतातल्या ओ-क्योनिग्सबूर किल्ल्यावरच्या माझ्या लेखाखालचं हे तुमचं वाक्य. मतभेदाचं मला वावडं नाही. पण टाळ्या? अख्ख्या लेखात एकदाही 'अप्रतिम' हा शब्द नाही, शोधून बघा. टोपणनाव घेऊन दुसऱ्याला भाबडं ठरवणं सोपं असतं, एवढंच म्हणतो.

आता सेट. सेट मोकळ्या जागेत उभा करतात. या डोंगरावरच्या किल्ल्याचा उल्लेख ११४७ पासून सापडतो. १४६२ मध्ये इथल्या लुटारू सरदारांना कंटाळून आसपासच्या शहरांनी तो जाळला. १४७९ मध्ये तिअरश्टाईन घराण्याला मिळाला, तेव्हा त्यांनी तोफांना तोंड देतील अशा जाडजूड भिंती बांधल्या. १६३३ मध्ये स्वीडिश फौजेने ५२ दिवस वेढा घातला, किल्ला पडला, जळला आणि मग दोन शतकांहून अधिक काळ ओसाड राहिला. सेलेस्ता शहराने १८९९ मध्ये, अल्सास जर्मनीकडे असताना, जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मला, म्हणजे तुमच्या कैसरला, भेट दिले ते हे अवशेष. वास्तुविशारद बोडो एबहार्टने १९०० ते १९०८ या काळात त्यांच्यावर काम केलं. मुख्य बुरुज चौकोनी बांधला म्हणून एबहार्टवरही तुमच्यासारखीच ओरड झाली होती, मूळचा म्हणे गोल होता. पुढे निघाला चौकोनीच!

कैसरच्या दालनातलं चित्रकार लेओ श्नूगचं काम विसाव्या शतकातलं आहे, हे तुमचं म्हणणं मान्य. घ्या.

पण 'पडक्या गडाची भाषा तुम्हाला कळत नाही' हे वाचून हसू आलं. वडिलांचं बोट धरून राजगड चढलेला माणूस आहे मी. स्ट्रासबुर्गला नोकरीला होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी याच डोंगरावर जायचो, पावसात, धुक्यात. जुना चिरा कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो, हे मला घरी बसून कुणी शिकवू नये.

खर्च कुणाच्या खिशातून गेला, फ्रान्समधल्या पिएरफों या अशाच पुन्हा उभारलेल्या किल्ल्याशी तुलना, विल्हेल्मचं राजकारण हे तुमचे बाकीचे मुद्दे या लेखाचे विषयच नव्हते. त्यावर तुम्हीच लिहा, वाचेन. आणि 'आधी अभ्यास करा' हे वाक्य पुढच्या वेळी आलं, तर प्रतिक्रिया प्रकाशित होणार नाही.