टर्मिनलातली ठकू

माहेरची मी सुलभा. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नाव कोरलं गेलं आणि गायत्री झाले. मुलुंडच्या माझ्या मोठ्या भावासाठी मात्र मी पाळण्यापासून आजतागायत ठकू. या तिसऱ्या नावाचा आमच्या दादरच्या सोसायटीत कुणाला पत्ता नव्हता. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत.

सोसायटीची मेंटेनन्सची बिलं मी करते. दादाने लॅपटॉपवर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम घालून दिली, वर एक स्क्रिप्ट, म्हणजे कमांडांची यादी, लिहून दिली. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायचं, एक ओळ टाकायची, चोवीस फ्लॅटांची बिलं तयार. हे कौतुक कमिटीला दाखवावं म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडला, तर वांगी रंगाच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं, 'ठकू अ‍ॅट लॅपटॉप'. खजिनदार काकांनी चष्मा सारखा करून मोठ्याने वाचलं. "ही ठकू कोण?"

घरी येऊन सेटिंग्जमध्ये नाव बदललं. लॉगिनच्या पडद्यावर गायत्री झळकली. टर्मिनल उघडलं, तर ठकू. मशीन बंद करून चालू केलं. ठकूच. मग 'हू अ‍ॅम आय' नावाची कमांड सापडली. 'कोऽहम्'साठी ऋषिमुनींना हिमालय गाठावा लागला. मी तो प्रश्न ओट्यापाशी, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये विचारला आणि निमिषात उत्तर आलं. ठकू.

"ठके, सेटिंग्जमधलं नाव म्हणजे दारावरची पाटी," दादा फोनवर म्हणाला. "सातबारा वेगळा असतो."

हा सातबारा म्हणजे 'पासवर्ड'च्या इंग्रजी स्पेलिंगमधली दोन अक्षरं गाळून नाव ठेवलेली एक फाइल. नाव असं, पण हल्ली पासवर्ड तिच्यात नसतात. दर खात्याची एक ओळ, कोलनने तोडलेले सात रकाने. पहिल्यात लॉगिन नाव, ठकू. पाचव्यात दिमाखात गायत्री. सहाव्यात घराचा, म्हणजे फायली ठेवायच्या फोल्डरचा, पत्ता, तोही ठकूच्याच नावे. आणि तिसऱ्यात नुसता आकडा, 1000. फायलींची मालकी खरं तर या आकड्याकडे असते. ठकू काय, गायत्री काय, हाक मारायची सोय. तीन नावं मिरवणाऱ्या बाईला हे वाचून जरा लागतंच.

तसं मुंबईकराला यात नवल नाही. 1995 साली बॉम्बेची मुंबई झाली, पण इंग्रजीत उच्च न्यायालय अजून बॉम्बेच, आयआयटीही बॉम्बेच, आणि विमानात टाकलेल्या बॅगेवरची चिठ्ठी 'बीओएम'. पाचवा रकाना बदलला, पहिल्याला कोणी हात लावला नाही.

इलाजाचं नाव 'यूजरमॉड'. 'मायनस एल' लावलं की नाव बदलतं. 'मायनस डी' आणि 'मायनस एम' लावलं की बिऱ्हाडही नव्या पत्त्यावर हलतं. टाकलं. उत्तर आलं की ठकू सध्या एका प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या, वापरात आहे. म्हणजे बारसं करायचं तर आधी बाळाने पाळण्यातून उठून बाहेर जायचं. शेवटी सुडोचे, म्हणजे मशीनमध्ये हवा तो बदल करायचे, अधिकार असलेलं दुसरं खातं तात्पुरतं उघडलं, त्याला 'भाडेकरू' नाव दिलं, ठकूला लॉगआउट केलं आणि भाडेकरू होऊन कमांड दिली. पडद्यावर एक अक्षर आलं नाही. काम नीट झालं तर हे यंत्र गप्प, चुकलं तरच तोंड उघडणार. माझ्या सासूबाईंचीही हीच पद्धत, त्यामुळे मी लगेच ओळखलं की जमलं.

हू अ‍ॅम आय? गायत्री! साखर वाटणार होते, तेवढ्यात बिलांची स्क्रिप्ट चालवून पाहिली. अशी फाइलच नाही म्हणे. दादाने ठकूच्या घराचा पूर्ण पत्ता स्क्रिप्टमध्ये अकरा ठिकाणी लिहून ठेवला होता. मग ठकूच्या जुन्या पत्त्यावर एक सिम्बॉलिक लिंक ठेवली, गायत्रीच्या घराकडे बोट दाखवणारी. व्हीटी म्हटलं तरी टॅक्सीवाला बिनबोभाट सीएसएमटीला सोडतो ना, तसं. बिलं निघाली.

पुढच्या बैठकीत पडद्यावर ठळक गायत्री होती. खजिनदार काका म्हणाले, "ठकूबाई, माझं पाण्याचं बिल जास्त आलंय."

आणि तो भाडेकरू, नंबर 1001, काम झाल्यावर काढायचा होता. आज काढू, उद्या काढू करता करता राहिला. परवा काढायला बसले तर आत नवऱ्याने गोव्याच्या सहलीचे सगळे फोटो आणून ठेवलेले. "असू दे की," तो म्हणाला, "त्याला कुठे भाडं पडतंय?"